उत्तर देऊ नये

२०२२ सालच्या वटपौर्णिमेच्या दिवशी, वाचनालयासमोरच्या रस्त्याने सुताच्या गुंड्या आणि आंब्याची ताटे घेऊन बायका वडाकडे निघाल्या होत्या, आणि मी आत कूलरच्या ओलसर वाऱ्यात बसून एक टपालपेटी उघडत होते. ही पेटी लोखंडी लाल डब्याची नव्हती. आमच्या तालुक्याच्या गावातल्या या ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयासाठी मीच तीन वर्षांपूर्वी जीमेलवर काढलेले ते खाते होते. ते केवळ पत्रे पाठवण्यासाठी काढले होते. दर सोमवारी सकाळी सात वाजता वाचनालयातला जुना संगणक जागा होई, मी लिहिलेला प्रोग्राम नोंदी चाळी, ज्यांची पुस्तके परत यायची राहिली आहेत त्यांची नावे वेचून काढी आणि प्रत्येकाला ईमेल धाडी. मजकूर एकच असे, पुस्तकाचे नाव आणि तारीख तेवढी बदले. खाली एक ओळ असे, ‘हा संदेश संगणकाने आपोआप पाठविला आहे. कृपया या पत्त्यावर उत्तर देऊ नये.’ ही ओळ लिहिल्यावर ते खाते उघडून पाहण्याचे मला कधी काही कारणच उरले नाही.

खाते उघडावे लागले ते प्रोग्राम बंद पडला म्हणून. ग्रंथपालांचा फोन आला होता, ‘ताई, दोन सोमवार झाले, तुमचा माणूस कामावर येईना.’ चौकशी केली तेव्हा कळले की ३० मे २०२२ पासून गूगलने नाव आणि नेहमीचा पासवर्ड एवढ्यावर प्रोग्रामला आत घेणे थांबवले आहे. आता दुहेरी पडताळणी चालू करून प्रोग्रामसाठी सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढावा लागतो. याच्या सूचना आधीच आल्या होत्या. त्या ज्या पेटीत पडल्या होत्या ती पेटी मी उघडत नव्हते, हा सगळा माझाच कारभार.

पेटीत तीनशेहून अधिक पत्रे होती. पुष्कळशी जाहिरातींची, बरीचशी पत्ता चुकल्यामुळे परत आलेली. उरलेली एक्केचाळीस पत्रे माणसांनी हाताने लिहिलेली होती, आणि त्यांतली तीन एकाच माणसाची.

पहिल्याची तारीख ११ जानेवारी. ‘मा. ग्रंथपाल महोदय यांस, सा. न. वि. वि. आपले दि. १० चे पत्र पोहोचले. पत्रास कारण की, माझ्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असून डॉक्टरांनी वाचन वर्ज्य सांगितले आहे. तशात एसटीचा संप असल्यामुळे पुस्तक समक्ष आणून देणे झाले नाही. तरी कृपा करून मुदत वाढवून मिळावी. कळावे, लोभ असावा, ही विनंती.’ खाली गाव, तालुका, पिनकोड, आणि ‘निवृत्त शाखा डाकपाल’. दुसरे १८ जानेवारीचे. माझे मागील पत्र आपणांस पोहोचले नसावे असे आपल्या पुन्हा आलेल्या पत्रावरून दिसते, अशी सुरुवात करून त्यांनी पहिल्या पत्रातला सगळा मजकूर पुन्हा लिहिला होता, बहुधा एका डोळ्याने, फोनच्या पडद्यावर एकेक अक्षर शोधत. तिसरे पत्र चार ओळींचे होते. ‘आपण उत्तर देत नाही, त्या अर्थी आपला माझ्यावर रोष असावा. पुस्तक दूधवाल्याच्या हस्ते पाठवीत आहे. विलंब शुल्काचे तेवीस रुपये पुस्तकात ठेवले आहेत. चूकभूल द्यावी घ्यावी.’

रोष. बाहेर वडाच्या पूजेहून परतणाऱ्या बायका हसत होत्या, आणि मी त्या शब्दापाशी अडून बसले होते. ज्याला राग येण्याची सोयच नाही अशा एका बारा ओळींच्या प्रोग्रामच्या रागाची भीती बाळगून एक म्हातारा माणूस पुस्तकात तेवीस रुपये घालून ठेवतो, यात हसण्यासारखे काही आहे का, हे मी तपासून पाहिले. नव्हते.

प्रोग्रामने पत्र पाठवणे ही गोष्ट मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तिचा फार मोह पडला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. तेव्हाच्या औरंगाबादेत मी शिकत होते. चपला बाहेर काढून जायच्या त्या थंडगार प्रयोगशाळेत आमच्या सरांनी एका संध्याकाळी काळ्या पडद्यावर टेलनेट नावाचा प्रोग्राम उघडला आणि पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन दार वाजवावे तशी एक आज्ञा दिली. पलीकडच्या यंत्राने २२० हा आकडा आणि आपले नाव सांगितले. सरांनी ‘हेलो’ लिहिले, इंग्रजीतल्या स्पेलिंगमधला एक एल गाळून, कारण या बोलीतले मुख्य शब्द चार चार अक्षरांचे आहेत. पलीकडून उत्तर आले, २५०, आणि पुढे इंग्रजीत, भेटून आनंद झाला. वर्गात हशा पिकला. सेंडमेल हा त्या काळी सर्वत्र असलेला प्रोग्राम असा खरोखरच आनंद व्यक्त करत असे. कोणीतरी माणसाने तो आनंद आत लिहून ठेवला होता. मग सरांनी पत्र कोणाकडून आहे ते सांगितले. पलीकडून ‘ठीक’. कोणासाठी आहे ते सांगितले. पुन्हा ‘ठीक’. मजकूर देतो म्हणाले, तेव्हा ३५४, म्हणजे द्या, आणि संपले की एका ओळीवर फक्त एक पूर्णविराम द्या. सरांनी दोन वाक्ये लिहिली, खालच्या रिकाम्या ओळीवर एकच ठिपका दिला आणि एंटर दाबले. २५०. पत्र गेले. मग निरोपाचा शब्द, त्यालाही २२१ असे उत्तर, आणि दार बंद.

त्या एकट्या पूर्णविरामाने मला वेड लावले. पत्र संपल्याची खूण म्हणून एवढा मोठा कारभार एका ठिपक्यावर उभा आहे, तर मजकुरातच एखादी ओळ नुसत्या ठिपक्याची आली तर काय होईल, असे मी सरांना विचारले होते. सर खूश झाले. पाठवणारा प्रोग्राम ठिपक्याने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीआधी आणखी एक ठिपका लावतो आणि घेणारा तो जादाचा ठिपका काढून टाकतो, असा नियमच आहे, असे त्यांनी सांगितले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी लिहून काढलेल्या ईमेलच्या नियमांत तो आहे आणि आजही तसाच पाळला जातो. पाठवताना काटेकोर असावे, दुसऱ्याचे घेताना सैल असावे, हे याच पोस्टेल यांचे इंटरनेटच्या दुसऱ्या एका नियमपुस्तिकेतले सूत्र. आमच्या आजीने लग्नाच्या आहेराविषयी नेमके हेच सांगितले असते, असे मला तेव्हाही वाटले होते.

या संभाषणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पाकिटाची आहे. शाळेत मराठीच्या पेपरात पत्रलेखनाच्या प्रश्नाला आम्ही पत्राखाली पट्टीने चौकोन आखून पाकीट काढत असू. उजव्या कोपऱ्यात छोटा चौकोन आणि त्यात ‘तिकीट’ हा शब्द, मध्ये प्रति, खाली डाव्या बाजूला प्रेषक. पाकिटाला वेगळे गुण असत, आणि पत्र अपुरे राहिले तरी पाकीट आधी काढून ठेवणारी हुशार मुलेही असत. ईमेललाही असे पाकीट असते, हे वापरणाऱ्याला कधी दिसत नाही. ‘कोणाकडून’ आणि ‘कोणासाठी’ हे दोन यंत्रे आपसांत बोलतात ते पाकिटावरचे नाव. आणि आपल्याला पडद्यावर दिसते ते आतल्या कागदाच्या डोक्यावर लिहिलेले नाव. दोन्ही सारखी असलीच पाहिजेत असे मूळ नियमांत नव्हते. आमच्या वर्गातल्या एका मुलाने याचा फायदा घेऊन प्राचार्यांच्या नावाने सगळ्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती. पुढे अशा उद्योगांनी जग बेजार झाले, तेव्हा कोणत्या यंत्रांना आपल्या नावाने पत्र टाकण्याची मुभा आहे याची यादी जाहीर करणे आणि पत्रावर लाखेच्या मोहोरेसारखी सांकेतिक सही करणे, असे उपाय आले. तेव्हा आम्ही त्या सुट्टीच्या आनंदात होतो.

पाकिटावरचा प्रेषकाचा पत्ता कशासाठी असतो? पत्र पोहोचले नाही तर ते परत यावे म्हणून. यंत्रांच्या जगातही त्याचा उपयोग अगदी हाच आहे. ४५० म्हणजे आत्ता पेटी मोकळी नाही, थोड्या वेळाने या. मग पाठवणारे यंत्र पत्र रांगेत ठेवते, पुन्हा पुन्हा जाऊन पाहते आणि चारपाच दिवस धीर सोडत नाही. ५५० म्हणजे बहुधा असा कोणी येथे राहत नाही. मग एक परतपत्र तयार होते आणि ते पाकिटावरच्या प्रेषकाकडे निघते. या परतपत्राच्या स्वतःच्या पाकिटावर मात्र प्रेषकाची जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. कारण तेही पोहोचले नाही, तर परतपत्राचे परतपत्र, त्याचे पुन्हा परतपत्र, असे दोन यंत्रांचे भांडण युगानुयुगे चालू राहील. म्हणजे ज्याला उत्तर यायचे नाही, असे एकच पत्र या जुन्या नियमांनी मानले आहे, आणि ते म्हणजे पत्र न पोहोचल्याची बातमी.

‘उत्तर देऊ नये’ ही ओळ त्या नियमांत कोठेही नाही. ती मी कोठून घेतली, हे आठवून पाहिले तेव्हा लक्षात आले की ती मी घेतलेलीच नाही, ती बोटांतच होती. बँकेची पत्रे, रेल्वेची तिकिटे, विजेची बिले, परीक्षेचे निकाल, सगळ्यांच्या तळाशी ती असते, आणि ती लिहिली की आपले पत्र अधिकृत वाटते असा माझा समज झाला होता. आमचे वाचनालय सहाशे चाळीस सभासदांचे. त्यांतल्या दोनशेच्या आसपास लोकांनी ईमेल दिलेला. एका सोमवारी फार तर तीस पत्रे जात. तीस माणसांची उत्तरे वाचणे जड जावे, एवढे काम आमच्याकडे कोणालाच नव्हते. मोठ्या कचेरीची नक्कल करण्याची हौस, यापलीकडे त्या ओळीला काही आधार नव्हता, असे मला आता वाटते.

त्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या पत्राचा मूळ संदेश मी त्या दुपारी उघडून पाहिला. जीमेलमध्ये तशी सोय आहे. पत्र जसे तारेवरून आले तसे सगळे दिसते. वर शिक्के होते. वाटेतले प्रत्येक यंत्र पत्र हाती आल्याची वेळ लिहून पत्राच्या डोक्यावर एक ओळ चढवते, त्यामुळे ते शिक्के खालून वर वाचायचे असतात. पहिला शिक्का पहाटे चार वाजून अकरा मिनिटांचा होता. डोळ्यावर हिरवी पट्टी असलेला माणूस पहाटे चारला फोन घेऊन बसला होता. शिक्क्यांच्या खाली मजकूर होता, पण तो वाचता येण्यासारखा नव्हता. ईमेलची मूळ वहिवाट इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे मिळून १२८ खुणांची. मराठी, उर्दू, चिनी असे काही पाठवायचे तर त्याचे त्याच खुणांत रूपांतर करून पाठवायचे आणि पलीकडे उलगडायचे, ही तोड १९९२ साली माइम या नावाने निघाली. मराठीचे प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइटचे असते आणि या रूपांतरात तीन बाइटची चार अक्षरे होतात. त्यामुळे एक गंमत होते. ‘म’ म्हणजे चार, के, एस आणि लहान यू. पुढचा काना म्हणजे चार, के, एस आणि अधिकची खूण. अक्षर कोणतेही असो, सुरुवात चार-के-एस. उकार किंवा मात्रा आली की चार-के-डब्ल्यू. आणि मध्ये कोठे पूर्णविराम किंवा मोकळी जागा आली की चाल मोडून दुसरीच सुरू होते. ओळींमागून ओळी चार-के-एस, चार-के-एस, जणू मराठी नावाची कोणी बाई दर घराच्या उंबऱ्यावर तीच रांगोळी घालत गेली आहे. त्या रांगोळीत ‘सा. न. वि. वि.’ कोठे आहे, हे मी बोटाने शोधत होते.

मायना हा मराठी पत्राचा जीव, आणि प्रोग्रामला नेमका तोच लिहिता येत नाही. आम्हांला बाईंनी तक्ता पाठ करून घेतला होता. वडिलांना तीर्थरूप, वडिलांच्या जागी असलेल्यांना तीर्थस्वरूप, लहानांना चिरंजीव, बरोबरीच्यांना प्रिय, परक्यांना सा. न. वि. वि. समोरचा माणूस आपला कोण, हे ठरल्याशिवाय पत्राची पहिली ओळ उमटत नाही. वाचनालयाच्या नोंदवहीत रकाने होते ते क्रमांक, नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि अनामत रक्कम यांचे. वयाचा नाही, नात्याचा तर नाहीच. बारा वर्षांच्या मुलाला सा. न. वि. वि. आणि ऐंशीच्या म्हातारबांना चि. जाऊ नये म्हणून मी सगळ्यांना ‘प्रिय सभासद’ करून टाकले होते. आधी मी नाव घालून पाहिले होते; पण नोंदवहीत आडनाव आधी आणि काही नावांच्या मागे ‘श्री.’ आधीच लावलेले, त्यामुळे पहिल्या सोमवारी चौघा सभासदांना ‘प्रिय श्री. श्री.’ अशी पत्रे गेली. त्यांतल्या एकाने वाचनालयात येऊन, मी काही महाराज झालेलो नाही, असे सांगितले होते.

माझ्या भाचीच्या दहावीच्या मराठीच्या पेपरात आता पत्र ईमेलच्या स्वरूपात लिहायचे असते. पाकीट काढावे लागत नाही. बरे झाले की वाईट, मला सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात, रविवारी, मी मास्तरांच्या गावी गेले. औसा मागे टाकून किल्लारीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्याने. दोन्हीकडे नांगरून पडलेले काळे रान, पेरणीसाठी आभाळाकडे डोळे, आणि मोसमाची एकच सर पडून गेल्याने धुळीला सुटलेला वास. मास्तर ओट्यावर लोखंडी खुर्चीत बसले होते. डोळे आता स्वच्छ दिसत होते. मी वाचनालयातून आले म्हणताच त्यांनी आधी पाणी मागवले, मग चहा मागवला आणि मगच विचारले, ‘तेवीस रुपये पोचले का?’ पोहोचले होते. ग्रंथपालांनी पावतीही फाडली होती, आणि पावती पुस्तकातच राहून पुढच्या वाचकाकडे गेली होती. मी ते सांगितले नाही. मी माफी मागितली. पत्रे पाठवणारा माणूस नव्हता, यंत्र होते, आणि आपली पत्रे मी परवा पहिल्यांदा वाचली, असे सांगितले.

‘मला वाटलंच होतं,’ ते म्हणाले. ‘प्रिय म्हणून पत्र आलं. या वयात मला प्रिय कोण म्हणायलंय, म्हटलं.’ आतून त्यांच्या सुनेचे हसणे ऐकू आले.

मग ते बोलत राहिले. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी इकडे निजामाचे टपाल होते. १८६९ पासून हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटे होती आणि ती पार १९५० पर्यंत चालली. त्यांतली दोन वडिलांच्या ट्रंकेत होती, पुढे वाळवीने खाल्ली. मास्तर स्वतः नोकरीला लागले तेव्हा पिनकोड येऊन थोडीच वर्षे झाली होती आणि लोक तो लिहीत नसत. सकाळी उठून आधी तारखेच्या शिक्क्यातला आकडा बदलायचा, मग थैली सोडायची, मग पेटी काढायची. पेटी काढणे म्हणजे कुलूप उघडून आतली पत्रे बाहेर घेणे आणि पेटीवरची पत्र्याची पट्टी फिरवणे, म्हणजे पुढची वेळ कोणती ते लोकांना कळते. पत्र पोहोचवता आले नाही तर त्यावर शेरा मारायचा. शेऱ्याशिवाय पत्र परत पाठवता येत नाही, हा नियम त्यांनी मला दोनदा सांगितला. पत्ता अपुरा. मालक गावी नाही. घेण्यास नकार. गाव सोडून गेले.

‘किल्लारीच्या टायमाला मात्र हात चालला नाही,’ ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मलाही आठवते. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपले होते, मी लातुरात भावंडांच्या शेजारी गच्चीवर होते, आणि खालून कोणीतरी घर हलवत आहे असे वाटून उठले. मास्तरांच्या गावात पडझड झाली, माणसे वाचली. पण आजूबाजूच्या गावांची डाक थैलीतून येतच राहिली. पुण्या-मुंबईहून खुशाली विचारणारी कार्डे, आधीच निघालेल्या मनीऑर्डरी, एका मुलीच्या स्थळाची पत्रिका. गल्ली नाही, घर नाही, दार नाही. पुढे गावेच्या गावे नव्या जागी वसली, पण त्या महिन्यात शेरा काय लिहायचा, हे कोणत्या पुस्तकात दिलेले नव्हते. ‘मी काहीच लिहिलं नाही. आठ दिवस थैली तशीच ठेवली. मग वरून माणूस आला, त्यानं नेली.’ एवढे सांगून त्यांनी कप खाली ठेवला. मला माझा ५५० आठवत होता. तो यंत्राला लिहायला क्षणही लागत नाही.

निघताना मी पुन्हा तेच म्हणाले, की आपण उत्तर द्याल हे माझ्या ध्यानातच आले नाही, आणि उत्तर देऊ नये असे खाली लिहिलेही होते.

‘वाचलं की मी ते. पण पेटी होती ना?’

‘होती.’

‘आन् त्यात पत्र पडत होतं?’

‘पडत होतं.’

‘मग काढायची, बाई. पेटी लावली की काढावी लागती.’ रागाने नाही, नव्या पोस्टमनला काम समजावून द्यावे तसे ते बोलले.

घरी येऊन प्रोग्राम दुरुस्त करायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. पायथन या संगणकभाषेत पत्र तयार करताना ‘रिप्लाय-टू’ म्हणून एक मथळा घालता येतो; पत्र कोणाकडूनही गेले तरी उत्तर कोठे यावे, हे त्यात सांगायचे. ही सोय निदान १९७७ पासून आहे. तेथे मी ग्रंथपालांचा आणि माझा पत्ता घातला, सोळा अक्षरांचा नवा पासवर्ड जागेवर ठेवला, आणि शेवटची ओळ काढून तेथे ‘काही अडचण असल्यास याच पत्राला उत्तर द्यावे’ असे लिहिले. उरलेल्या सगळ्या लोकांना मी स्वतः पत्रे लिहिली. त्यांतल्या सहा जणांनी पुस्तके केव्हाच परत केली होती आणि प्रोग्राम तरीही त्यांना दर सोमवारी तगादा लावत होता, कारण जमा केल्याची नोंद करायची राहिली होती. हे त्यांनी अडीच वर्षांत वेळोवेळी कळवले होते. एका बाईंनी तर पावतीचा फोटो पाच वेळा पाठवला होता, पाचव्या वेळी मजकुराविना.

आता सोमवारी दुपारपर्यंत चारपाच उत्तरे येतात. सगळी गोड नसतात. पंखा दुरुस्त करा, बालविभागातली खुर्ची मोडली आहे, दिवाळी अंकांवर संचालकांचेच नातेवाईक बसून असतात, अशी बरीच. ग्रंथपाल मला म्हणतात, ‘ताई, पहिलं बरं होतं.’ काही सोमवारी मलाही तसे वाटते. कॉलेजचे पेपर तपासायचे असतात, आणि समोर एका सभासदाचे दीड पानी पत्र असते, ज्यात पुस्तकाविषयी एक ओळ आणि उरलेले सुनेविषयी असते. अशांना काय लिहावे हे मला समजत नाही. दोघांना मी अजूनही उत्तर दिलेले नाही.

मास्तरांचे पत्र आषाढात आले. पहिल्या पेरणीनंतर पाऊस चांगला लागला होता, वाचनालयाच्या कौलातून दोन ठिकाणी पाणी गळत होते, आणि संगणकावर ग्रंथपालांनी प्लॅस्टिकचा कागद टाकला होता. त्या कागदाखालून मी पत्र उघडले. मायना बदललेला होता. ‘चि. ताईस, अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे सोमवारचे पत्र पोहोचले. पुस्तक वाचून व्हायचे आहे, आठ दिवस दे. याचा दुसरा भाग वाचनालयात आहे का ते पाहून कळव. डोळा आता बरा आहे.’ सोमवारचे ते पत्र माझे नव्हते, प्रोग्रामचे होते, आणि तेच ‘प्रिय सभासद’ त्याच्या डोक्यावर होते. मास्तरांना ते ठाऊक होते.

दुसरा भाग आमच्याकडे नाही. दाखलखारिज नोंदवहीत तो आहे, कपाटात नाही. लातूरच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडे मी सांगून ठेवले आहे, त्यामुळे कळवण्यासारखे थोडेफार आहे. पत्र मात्र अजून कच्च्या मजकुरातच पडून आहे. पहिल्या ओळीवर ‘ती. मास्तरांस’ असे लिहिले, मग बाईंचा तक्ता आठवला; तीर्थरूप घरच्यांना, इतरांना तीर्थस्वरूप. म्हणून ‘ती. स्व. मास्तरांस’ असे केले. ते फार परके वाटले, म्हणून ‘स्व.’ खोडला. काल रात्री तो पुन्हा घातला आहे.